दूरदेशींचीं गाणीं कशीं ऐकावीं

गाणें नाहीं असा मनुष्यसमाज आजवर कोणास आढळलेला नाहीं. ज्यांना लिपि नव्हती असे लोक पुष्कळ होऊन गेले. ज्यांना राज्य नव्हतें, नाणें नव्हतें, असेही झाले. परंतु तान्ह्या मुलास निजवितांना ओठांवर सूर येत नाहीं, आणि सणाच्या दिवशीं पाय जमिनीवर थबकून राहतात, अशी जात पृथ्वीच्या पाठीवर कोठें सांपडत नाहीं. असें असतां, या अफाट गीतभांडारापैकीं आपल्या कानांपर्यंत किती थोडें पोहोंचतें, याचा विचार केला म्हणजे आश्चर्य वाटतें.

एके काळीं याचें कारण साधनांचें दुर्भिक्ष हें होतें. ग्रामोफोनचें यंत्र गांवांत एखाद्याच्याच घरीं असे, तबकड्या महाग असत, आणि तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. आज ती अडचण उरलेली नाहीं. अमेरिकेंतील ब्लूज, स्पेनमधील फ्लामेंको, आफ्रिकेंतील मालीचें तंतुवाद्य, या सर्वांचे संग्रह खिशांतील मोबाइलवर क्षणांत ऐकूं येतात. तरीही बहुतेकांचें ऐकणें दहा-वीस ओळखीच्या गाण्यांभोंवतींच फिरत राहतें. नवें गाणें लागतें. अर्धें मिनिट ऐकलें जातें. आणि ‘यांत कांहीं कळत नाहीं’ असें म्हणून तें सोडून दिलें जातें. विद्यार्थिमित्रांनो, येथें दोष गाण्याचा नसतो, आणि कानाचाही नसतो. कानाला त्या गाण्याकडे जाण्याची वाट दाखविलेली नसते, एवढेंच. ती वाट कशी सांपडते, हें या लेखांत सांगावयाचें आहे. आणि ती वाट दूरच्या देशांत नव्हे, तर आपल्याच मुलखांतून निघते, असें आमचें म्हणणें आहे. म्हणून आरंभ सेमाडोहापासून करूं.

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या डोंगरांत, सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह हें गांव आहे. १९७३-७४ सालीं मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हांपासून बाहेरच्या लोकांस हें नांव ठाऊक झालें. लोक येतात ते वाघ पाहावयास. ऐकावयास सहसा कोणी येत नाहीं. वास्तविक हा मुलूख मुख्यत्वें कोरकूंचा, आणि ऐकावयास येथें पुष्कळ आहे. कोरकू भाषेंत ‘कोरो’ म्हणजे मनुष्य, आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हां ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच मुळीं ‘माणसें’ असा आहे. सभोंवार मराठी व हिंदी बोलली जात असतां ही भाषा त्या दोहोंपैकीं कोणाच्याच कुळांतील नाहीं. तिचें सगेसोयरे दूर झारखंडांत आहेत. संथाळी व मुंडारी या तिच्या बहिणी होत. मुंडा कुळांतील सर्वांत पश्चिमेकडील भाषा ती हीच. २०११ च्या खानेसुमारींत सव्वासात लाखांहून अधिक लोकांनीं कोरकू ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली.

नाचाला कोरकूंत ‘सुसून’ म्हणतात. शेंकडों कोस दूर राहणाऱ्या मुंडा लोकांतही नाचाला हाच शब्द आहे, आणि त्यांच्यांत एक प्रसिद्ध म्हण आहे : ‘सेन गी सुसून, काजी गी दुरंग’. चालणें हाच नाच, बोलणें हेंच गाणें, असा तिचा अर्थ. ही म्हण ध्यानांत ठेवून मेळघाटांतील होळी पाहावी. होळी हा कोरकूंचा मोठा सण. तो एका दिवसांत आटोपत नाहीं. बायका एकमेकींचे हात धरून रांगेनें पावलें टाकतात, आणि पुरुष ढोल व बासरी वाजवितात. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत गुरें राखणारे थाट्या सजून येतात आणि ढोलबासरीवर नाचतात. म्हणून त्या बाजाराला लोक ‘घुंगरू बाजार’ असें म्हणतात.

अचलपूर-अमरावतीच्या सपाटीवरचा मनुष्य हें ऐकावयास उभा राहिला, तर पहिल्या पांच मिनिटांत त्याचा अभिप्राय ठरलेला असतो : ‘एकच ओळ किती वेळां म्हणायची!’ हा अभिप्राय खोटा नाहीं. परंतु तो अपुरा आहे. तो मनुष्य गाणें कंठांत शोधीत असतो, आणि हें गाणें तर पायांत असतें. ओळ फिरून फिरून येते ती रांगेचें पाऊल फिरून फिरून येतें म्हणून. पायांकडे लक्ष जातांच तीच ओळ कंटाळवाणी न वाटतां जिन्याच्या पायरीसारखी वाटूं लागते : प्रत्येक पायरी सारखी असते, आणि तरीही प्रत्येक पायरीवर मनुष्य थोडा वर गेलेला असतो. शिवाय तें गाणें श्रोत्यांसाठीं नसतें. नाचणारे व गाणारे तेच असतात. बाहेर उभा राहणारा हाच तेथें एकटा परका.

या एवढ्या अनुभवांतून तीन प्रश्न हातीं येतात. या गाण्याचें माप कोणतें? हें गाणें कोणत्या कामीं जन्मलें? आणि हा आवाज कोणाचा? कोणतेंही अपरिचित गाणें पुढें आलें असतां हे तीन प्रश्न क्रमानें विचारावे. सेमाडोहाच्या ढोलास जे लागू पडतात तेच मिसिसिपीच्या गिटारीस आणि आंदालुसियाच्या टाळ्यांसही लागू पडतात. आतां तीं दोन उदाहरणें पाहूं.

ब्लूज हें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील काळ्या लोकांचें गाणें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तें आकारास आलें. त्याच्या जन्मभूमीशीं आम्हां वऱ्हाडकरांचा संबंध नाहीं असें वाटेल; पण तो आहे, आणि तो कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाडांतील कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकांत आगगाडी वऱ्हाडांतून धांवूं लागली. युद्ध संपतांना अमेरिकेंतील गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली खरी, परंतु मुक्त झालेल्यांपैकीं पुष्कळांच्या वांट्यास दुसऱ्याच्या शेतांत बटाईनें कापूस पिकविणें आणि सावकाराच्या वहींत बुडणें हेंच आलें. हंगाम उलटला तरी देणें फिटत नाहीं, ही गोष्ट वऱ्हाडी शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्या शेतांतील हाळ्या, त्या देवळांतील भजनें आणि एकट्या मनुष्याचें मनांतल्या मनांत बोलणें, यांतून ब्लूज निघालें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हें झालें.

माप पाहिलें तर तें आश्चर्य वाटावें इतकें साधें आहे. चार-चार मात्रांचे बारा खण. म्हणजे एकंदर अठ्ठेचाळीस मात्रांचें एक कडवें. त्यांत तीन ओळी. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीनें तिला उत्तर द्यावयाचें. आपल्या स्वरांच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिल्या चार खणांत ‘सा’ हा पाया असतो, पांचव्या-सहाव्यांत पाया ‘म’वर सरकतो, सातव्या-आठव्यांत ‘सा’वर परत येतो, नववा खण ‘प’चा, दहावा ‘म’चा, आणि शेवटल्या दोन खणांत गाणें पुन्हां ‘सा’च्या घरीं येऊन टेकतें. सर्व गाणीं याच मापांत बसतात असें नाहीं. जुने गवई खण वाढवीत वा तोडीत. परंतु हें माप कानांत बसलें म्हणजे तें मोडलेलेंही ओळखूं येतें. प्रत्येक ओळ चार खणांची जागा घेते, पण कंठ त्यांतील सुमारें अर्धीच जागा व्यापतो. उरलेल्या जागेंत गिटार उत्तर देते. गाडगेबाबांचें कीर्तन ज्यांनीं ऐकलें, त्यांनीं सवाल-जबाबाची ही रीति पाहिलेलीच होती : बाबा प्रश्न टाकीत आणि सभा उत्तर देई. ब्लूज गाणारा मनुष्य बहुधा एकटा असतो, म्हणून त्याच्या सभेचें काम त्याचें वाद्य करतें.

त्यांतील कांहीं स्वर प्रथम ऐकणारास बेसूर वाटतात. तो गंधार कोमल नसतो आणि शुद्धही नसतो. दोहोंच्या मधल्या जागीं तो लोंबकळत राहतो. पियानोच्या पट्टीवर ती जागा नाहीं, म्हणून पाश्चात्य कानास ती चमत्कारिक वाटली. परंतु मींड व श्रुति यांची संवय असलेल्या कानास तें काय आहे हें लवकर उमगतें. कित्येक वादक तारेवर सुरी किंवा बाटलीची मान सरकवून ती मींड काढीत. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानें १९०३ च्या सुमारास मिसिसिपींतील टटवायलर स्टेशनावर एका अनामिक मनुष्यास सुरीनें अशी गिटार वाजवितांना ऐकलें, आणि १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत ती गोष्ट लिहून ठेवली. हँडीचें नांव जगास ठाऊक झालें. वाजविणाराचें नांव कोणी विचारलें नाहीं.

आतां स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया प्रांतांत जाऊं. तेथील फ्लामेंकोचे तीन भाग असतात : कंठ, गिटार आणि नाच, आणि या तिहींस जोडणारी चौथी वस्तु म्हणजे हातांच्या टाळ्या. फ्लामेंको न कळण्याचें मुख्य कारण हें कीं, आपण सम पहिल्या मात्रेवर शोधतों. ‘सोलेआ’ या प्रकारांत बारा मात्रांचें आवर्तन असतें. पण जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर पडतो. आपल्या एकतालाच्याही बाराच मात्रा. परंतु तेथें दोन-दोनांचे सहा सारखे भाग, आणि येथें तीन, तीन, दोन, दोन, दोन असे पांच असमान भाग. टेबलावर बोटानें एक ते बारा मोजावें आणि सांगितलेल्या पांच जागीं टाळी द्यावी. प्रथम हात चुकेल. दहाव्या फेरीस बसेल. आणि ज्या क्षणीं बसेल त्या क्षणीं, गोंगाट वाटणारें तें गाणें एकदम आखीव दिसूं लागेल. ‘बुलेरिआ’ हा प्रकार साधारणतः याच चौकटींत, पण फार जलद चालतो. ‘सिगिरिया’ हा गंभीर प्रकार शोकाचा. त्यांतही मात्रा बाराच, परंतु जोराच्या जागा निराळ्या.

हें गाणें कोणाचें? आंदालुसियांत जिप्सी, स्थानिक शेतकरी-मजूर, मूर व यहुदी अशा नाना लोकांचे संस्कार मिसळले, आणि त्या मिश्रणांत जिप्सींचा वांटा फार मोठा. हे जिप्सी, म्हणजे रोमा लोक, सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून निघाले, असें भाषेच्या पुराव्यावरून ठरलें आहे. त्यांच्या भाषेंत पाण्यास ‘पानी’, नाकास ‘नख’, काळ्यास ‘कालो’ व माणसास ‘मानुष’ म्हणतात. आणि ‘रोम’ या त्यांच्या स्वतःच्या नांवाचा अर्थही पुरुष, माणूस असाच आहे. कोरकूंनीं आपणांस ‘माणसें’ म्हटलें, रोमांनींही तेंच म्हटलें. मात्र यावरून फ्लामेंको हें हिंदुस्थानी संगीत होय, असें अनुमान काढूं नये. शब्द हजार वर्षें टिकले. गाणें आंदालुसियाच्या मातींतच वाढलें. सारखें ऐकूं येतें तें सगें असतेंच असें नाहीं, ही खबरदारी ऐकणारानें नेहमीं घेतली पाहिजे.

१९२२ च्या जून महिन्यांत ग्रॅनडा शहरीं या जुन्या गाण्याची एक मोठी स्पर्धा भरली. तिच्या मागें संगीतकार मान्वेल द फाया आणि तरुण कवि फेदेरीको गार्सिया लोर्का हे होते. करमणुकीच्या बाजारांत जुनें खोल गाणें उथळ होत चाललें आहे, म्हणून धंदेवाईक नसलेल्यांकडून तें ऐकावें, असा त्यांचा हेतु होता. सर्वांत नांवाजले गेले ते दोघे : एक वृद्ध दिएगो बेर्मुदेस, आणि दुसरा मानोलो काराकोल नांवाचा बारा वर्षांचा मुलगा. पुढें २०१० सालीं युनेस्कोनें फ्लामेंकोस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. परंतु लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, मान मिळाला तो शेवटीं. आधीं शेजाऱ्यांनींच बसून ऐकलें.

तिसरा प्रश्न आवाज कोणाचा हा. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांत या प्रश्नाचें मोल कळून येतें. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान या गायिकेच्या तबकड्या मुद्रित झाल्या. हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींच्या तबकड्यांत त्यांची गणना होते. गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारी. तबकड्या परदेशांतील कारखान्यांत तयार होत, आणि तेथील कारागिरास कोणती तबकडी कोणाची हें कळावें, एवढाच त्यांत हेतु होता. परंतु त्यामुळें तिचें नांव तिच्याच आवाजांत अमर झालें. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या अनुषंगानेंही १९१३ ते १९२९ या काळांत हिंदुस्थानांतील अनेक भाषा व बोली तबकड्यांवर उतरविल्या गेल्या. उधळ्या पुत्राचा दाखला आपापल्या बोलींत सांगणारे ते आवाज आजही ऐकावयास मिळतात.

अमेरिकेंत १९२० च्या ऑगस्टमध्यें मेमी स्मिथ या गायिकेनें गाइलेली ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी अतोनात खपली, आणि काळ्या लोकांचें गाणें विकलें जातें हें कंपन्यांस कळलें. पुष्कळ गवयांस एकदांच ठराविक रक्कम देऊन वाटेस लावण्यांत आलें. रॉबर्ट जॉन्सन यानें १९३६ व १९३७ सालीं टेक्सासांत एकोणतीस गाणीं मुद्रित केलीं आणि १९३८ सालीं तो सत्ताविसाव्या वर्षीं मरण पावला. १९६१ सालीं त्याच्या गाण्यांचा संग्रह निघाला, तेव्हां जगभरचे तरुण तो ऐकून गिटार शिकूं लागले. तें पाहावयास तो नव्हता. याउलट १९४१ सालची एक घटना पाहा. ॲलन लोमॅक्स हा संग्राहक फिस्क विद्यापीठाच्या मंडळींसह मिसिसिपींत गेला असतां, स्टोव्हॉल येथील मळ्यावर मडी वॉटर्स नांवाच्या एका शेतमजुराचीं गाणीं त्यानें मुद्रित केलीं आणि त्याला त्याचाच आवाज ऐकविला. आपणही गाऊं शकतों, अशी त्या तरुणाची त्या दिवशीं खात्री झाली. १९४३ सालीं तो शिकागोस गेला, आणि पुढें त्यानें त्या शहराच्या संगीताचें रूपच पालटलें. यंत्र तेंच, पण एकाच्या आयुष्यांत तें मरणानंतर पोहोंचलें आणि दुसऱ्याच्या आयुष्यांत वेळेवर.

सर्व देशांचें गाणें एकत्र आणणाऱ्या एका तबकडीचें वर्णन येथें केलेंच पाहिजे. कारण तिजवर एक आवाज आपल्या मुलखांतला आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे, आणि तींत पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत. बाख व बेथोव्हेन आहेत. जॉर्जियाचा समूहस्वर आहे. नाव्हाहो लोकांचें रात्रगीत आहे. त्यांतच गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवींतील ‘जात कहां हो’ ही चीज आहे. आणि तिच्याच सोबत ब्लाइंड विली जॉन्सन या आंधळ्या गवयाचें १९२७ सालीं मुद्रित झालेलें शब्दरहित गाणें आहे. विली जॉन्सन दारिद्र्यांत १९४५ सालीं वारला. केसरबाईंनीं यानें सुटल्यावर थोड्याच दिवसांनीं, त्याच १९७७ च्या सप्टेंबरांत देह ठेवला. राजेरजवाड्यांनीं गौरविलेली गायिका आणि रस्त्यावर गाणारा आंधळा, हे दोघे आज सूर्यापासून अब्जावधि कोसांवर एकाच तबकडींत चालले आहेत. पण याच तबकडींत पेरू देशांतील एका मुलीचें लग्नगीत आहे, आणि आफ्रिकेंतील पिग्मी मुलींचें एक गाणें आहे. त्या मुलींचीं नांवें मात्र यादींत नाहींत.

‘जागतिक संगीत’ हें नांव कसें रुळलें, हेंही याच संदर्भांत पाहण्यासारखें आहे. १९८७ सालीं लंडनमध्यें कांहीं लहान तबकडी-कंपन्यांचे चालक एकत्र जमले. मालीचें, बल्गेरियाचें, पाकिस्तानचें संगीत दुकानांत कोणत्या खणांत ठेवावें, हा त्यांच्यापुढें प्रश्न होता. त्या खणावर लावण्यासाठीं त्यांनीं ही पाटी निवडली. पाटीनें विक्रीस मदत झाली. परंतु ‘जागतिक संगीत’ असें एक संगीत कोठेंच नाहीं. प्रत्येक गाणें कोणत्या ना कोणत्या गांवचें असतें. म्हणून नवे संग्रह शोधतांना पाटीच्या मागें न लागतां नांवाच्या मागें लागावें. जॉन्सनवरून मडी वॉटर्सकडे जावें, कारण त्यानें जॉन्सनच्या तबकड्या ऐकल्या होत्या. काराकोलवरून कामारोन द ला इस्ला याच्याकडे यावें. त्याच्याबरोबर १९६९ पासून गिटार वाजविणारा पाको द लुसिया भेटेल. मालीच्या अली फार्का तूरे यानें राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबर केलेला ‘टॉकिंग टिंबक्टू’ हा १९९४ सालचा संग्रह घ्यावा. त्याच कूडरनें आपल्या विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबर १९९३ सालीं ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा संग्रह काढला, आणि त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. अशा रीतीनें एका नांवावरून दुसरें नांव सांपडत गेलें म्हणजे मनुष्य जगभर हिंडून पुन्हां आपल्या दाराशीं येतो.

आतां दाराशीं आलोंच आहों, तर विचारूं : आपल्या दारींचें गाणें कोणी सांभाळिलें आहे काय? एका बाबतींत याचें उत्तर अभिमानास्पद आहे. गी प्वातव्हां व हेमा राईरकर यांनीं पुण्यास राहून महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे, आणि ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयांत तो सर्वांस खुला आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जातें थांबलें, आणि त्याबरोबर ओवीही थांबली असती. पण ती थांबण्याच्या आधीं ती लिहून व मुद्रित करून घेणारे भेटले. तेथें गाणारीचें नांव आहे, गांव आहे. ओवी हें बायकांनीं पहाटेच्या अंधारांत जात्यापाशीं सांगितलेलें मनोगत. कापसाच्या शेतांतील ब्लूजची ती दूरची मैत्रीण म्हणावयास हरकत नाहीं.

मेळघाटाची स्थिति अधिक नाजूक आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतील कांहीं गांवें उठून अकोटच्या सपाटीवर वसलीं. घरें बांधून मिळतात, शेत मोजून मिळतें. परंतु ज्या नदीच्या, झाडाच्या, देवाच्या नांवानें गाणें होतें, तीं मागें राहतात. वसतिगृहांत शिकणारा कोरकू मुलगा मराठी कविता शिकतो, हिंदी चित्रपटगीत शिकतो, आणि आजीचें गाणें म्हणावयास लाजतो. त्या लाजेस तो जबाबदार नाहीं; त्याच्या शेजारी बसणारे आपण जबाबदार आहों. आपण त्याला एकदां ‘तुझ्या आजीचें गाणें म्हण’ असें विचारलें नाहीं, मग त्याचें मोल त्याला कोठून कळावें?

तेव्हां शेवटीं कांहीं व्यवहाराच्या सूचना. एका महिन्यास एकच नवा संग्रह निवडावा. प्रथम ऐकतांना केवळ मात्रा मोजाव्या. दुसऱ्यानें ऐकतांना केवळ कंठाकडे लक्ष द्यावें. तिसऱ्यानें शब्दांचा अर्थ समजून घ्यावा. तिसऱ्या ऐकण्याच्या आधीं आवडनिवड बोलूं नये. एक वही करावी, आणि तींत गवयाचें नांव, साथ करणाराचें नांव, वर्ष, गांव आणि गाण्याचा प्रसंग टिपून ठेवावा. त्याच वहीचीं मागचीं पानें आपल्या गांवासाठीं राखावीं. सुटींत घरीं गेल्यावर आजीची ओवी, सेमाडोहाकडील मित्राच्या घरचें फागाचें गाणें, गुराख्याची बासरी, हीं मोबाइलवर मुद्रित करावीं. पण आधीं परवानगी मागावी, आणि मुद्रण झाल्यावर गाणारास तें ऐकवावें. मर्तिकाच्या किंवा देवाच्या विधींतील गाणें, घरच्यांनीं आपण होऊन म्हटल्यावांचून, टिपूं नये. गाणाराचें नांव तिच्याच तोंडून आरंभीं बोलवून घ्यावें. तिला न विचारतां तें गाणें चारचौघांत पसरवूं नये.

तबकडीवर कोणता आवाज चढावा हें पूर्वीं कंपन्या ठरवीत असत. आज तें यंत्र आपल्या हातीं आहे, म्हणून ती जबाबदारीही आपलीच आहे. टटवायलरच्या स्टेशनावर गाणाऱ्या त्या मनुष्याचें नांव आतां कोणालाही सांपडणार नाहीं. सेमाडोहास येत्या होळींत जी आजी रांगेच्या टोकाशीं उभी राहून पहिली ओळ उचलील, तिचें नांव मात्र अजून विचारतां येतें.